दिनूची डावी सीट

अकरा फेब्रुवारी, रविवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण जयपूरजवळचं चौमूं, हमरस्त्याला लागून असलेलं जुन्या गाड्यांचं आवार. रक्कम तीन लाख पंचाहत्तर हजार. त्यातले पंचवीस हजार रोख, बाकी बँकेतून. हजर माणसं तीन : गाडी विकणारा, मी आणि तू. चौथं कोणी असल्याची नोंद माझ्याकडे नाही.

दिनू, तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्याबद्दल लिहून द्या म्हणाले, ते दिलं. जन्म अमरावतीचा, विमा कंपनीत इतकी वर्षं, जयपूरला बदली होऊन आला तो इथलाच झाला, मागे पत्नी. दीड पान झालं. त्यात खोटं काही नाही, पण मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते त्यात बसत नव्हतं. मला एकच विचारायचं आहे. तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?

क्रमानं लिहितो. क्रम सोडला की मला सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आपण दोघंही विम्यातले. तू आयुष्यभर अपघातातल्या गाड्या तपासल्यास, नुकसान किती ते ठरवलंस. मी हिशेब तपासले. म्हणून चौमूंला जाताना वाटेतच कामाची वाटणी झाली. तू म्हणालास, "शशी, कागद तू पाह्य, पत्रा मी पाहतो. एकमेकाच्या कामात नाक घालायचं नाही बे." ऑफिसातही आपण असंच करायचो आणि त्याचा आपल्याला अभिमान होता.

गाडी पांढरी, पाच वर्षांची, दोन एअरबॅगवाली. तू फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलंस आणि एकेका दारावरून फिरवलंस. बोटाच्या पेरानं टकटक केलीस. सतरंजी उचलून वास घेतलास. मी टेबलाशी बसून कागद बघत होतो. मालक दोन. कर भरलेला. कर्ज नाही. फक्त पहिल्या मालकाचा विमा संपल्यापासून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत मध्ये चौदा महिन्यांची फट होती. मी विचारलं तेव्हा विकणारा म्हणाला, "मालिक बाहर थे साहब, गाड़ी घर में खड़ी थी." मी त्या फटीचे पंधरा हजार कमी करून घेतले.

तू आत येऊन विचारलंस, "कागद?"

"साफ," मी म्हणालो. "पत्रा?"

"बरा हाये. घे."

फटीचं मी तुला सांगितलं नाही. पंधरा हजार कसे कमी करून घेतले, ते मला नंतर निवांत, रंगवून सांगायचं होतं. चूक एवढीच, दिनू. चौदा महिने गाडी विम्याशिवाय उभी, म्हणजे काय, हे तू एका सेकंदात ओळखलं असतंस. माझ्या हातात तो धोक्याचा कागद होता आणि मी त्याची सूट करून घेतली.

आठ दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, प्रताप नगरला तुझ्या घरी मी ती गोष्ट रंगवून सांगितली. मंदावहिनींनी पोहे केले होते. वहिनी हसल्या. तू पाणी आणतो म्हणून उठलास आणि बराच वेळ आलाच नाहीस. वहिनींनी हाक मारली तेव्हा आतून म्हणालास, "डायरी शोधून राहिलो." मला वाटलं, बिलांची काही भानगड असेल.

त्यानंतर दुरुस्त्या सुरू झाल्या. माझ्या वहीतून उतरवतो. पुढच्या चाकाचं बेअरिंग, दोन हजार आठशे पन्नास. लोअर आर्म आणि त्याची रबरं, चार हजार सहाशे. काचेची मोटर, दोन हजार दोनशे. चाकाकडे जाणारा दांडा, सात हजार चारशे. पाणी गळत होतं म्हणून दाराचं रबर, साडेतेराशे. चाकांची अलाइनमेंट तीन वेळा, प्रत्येकी सहाशे. एकूण वीस हजार दोनशे. बेरीज करताना माझ्या लक्षात आलं, की यातली एकूण एक गोष्ट डाव्या बाजूची आहे. उजवीकडे गाडीनं पाच पैसे मागितले नाहीत. मी तुला तसं म्हणालो. तू म्हणालास, "जयपूरचे रस्तेच तसे हायेत. खड्डे डावीकडे असतात."

सांगानेरच्या रामजीलाल मिस्त्रीकडे गाडी न्यायची असली की तू बरोबर यायचासच. आणि बसायचास पुढे, डाव्या सीटवर. दुसऱ्या कोणाला बसू द्यायचा नाहीस. माझी बायको सुनीता एकदा दार उघडून बसायला लागली तर म्हणालास, "वहिनी, तुम्ही मागं आरामात बसा. मला पाय लांब करायला लागतात." तिनं घरी येऊन मला ऐकवलं, "गाडी आपली आणि जागा त्यांची." मुक्ता गाडी शिकली तेव्हा ती चालवायची आणि तिच्या शेजारी तू. मी मागे. माझी मुलगी, माझी गाडी आणि मी मागे.

बसण्याआधी तू सीटवर दोनदा थाप मारायचास. मग क्षणभर थांबायचास. मग बसायचास. रेल्वेत कोणाला सरकायला सांगतात तसं. मी एकदा म्हणालो, "कोणाला उठवतोस?"

"सवय हाये," तू म्हणालास.

तुझी ही सवय मी त्याआधी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

मग जूनमध्ये तो आवाज सुरू झाला. मी एकटाच झालान्याच्या ऑफिसला चाललो होतो. डॅशबोर्डावर लाल दिवा आला आणि टिंग टिंग वाजायला लागलं. पुढच्या डाव्या सीटवर माणूस बसून त्यानं बेल्ट लावला नसला की वाजतं, ते. सीट रिकामी होती. माझी डब्याची पिशवीसुद्धा मागे होती. मी हात फिरवून पाहिला. सीट गार होती, आणि जूनमध्ये, दहा वाजता, उन्हात निघालेल्या गाडीत ती गार असायला नको होती. हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखा आकडा नव्हता.

रामजीलालनं मशीन लावलं. स्क्रीनवर आलं, डावी सीट, माणूस आहे. त्यानं वायर काढून परत जोडली. माणूस आहे. सेन्सर वेगळा काढून तपासला, तो चांगला निघाला. तो मला म्हणाला, "साहब, मशीन झूठ नहीं बोलती. पर आदमी तो है नहीं." स्वतःच हसला आणि तुझ्याकडे बघून थांबला, कारण तू हसत नव्हतास.

नवा सेन्सर तीन हजार आठशे. मी म्हणालो, बदलून टाकू. आणि इथे आपलं भांडण झालं, आठवतं? प्रत्येक दुरुस्तीला मला पुढे ढकलणारा तू या एका दुरुस्तीला नाही म्हणालास.

"राहू दे ना बे. वाजलं की बेल्ट लावून टाक."

"रिकाम्या सीटला?"

"हो. लावला की गप बसते ना?"

"दिनू, हे काय उत्तर झालं? बिघाड आहे तर दुरुस्त करायचा. तू स्वतः वीस हजाराच्या दुरुस्त्या करायला लावल्यास."

"सगळंच दुरुस्त नसतं करायचं, हिशेबनीस," तू म्हणालास आणि गाडीत जाऊन बसलास. दोन थापा मारून.

मी रागावलो होतो. आठ दिवस तुला फोन केला नाही. ते आठ दिवस आता मला परत हवे आहेत, पण ते कुठल्या खात्यातून मागायचे?

तुझ्या अंत्यविधीहून परतताना दुपार होती. बायको आणि मुक्ता वहिनींजवळ थांबल्या, मी एकटाच निघालो. स्मशानाच्या फाटकापासून टिंग टिंग सुरू झालं. आधी दहा-पंधरा सेकंद वाजून थांबायचं. त्या दिवशी थांबेना. सीट तू ठेवायचास तशीच, पार मागे सरकवलेली होती. सांगानेरच्या सिग्नलला मी उजव्या हातानं स्टिअरिंग धरलं आणि डाव्या हातानं सीटवर दोनदा थाप मारली. का, ते मला सांगता येणार नाही. आवाज बंद झाला. बाजूच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघत होती. सिग्नल सुटला आणि मी घरी आलो. जे झालं ते लिहिलं आहे, त्याचा अर्थ मला विचारू नकोस.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. तुझ्या कामाच्या जुन्या डायऱ्या दोन पेट्या भरून होत्या. "रद्दीत द्यायला मन होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा बघता का भाऊजी? कंपनीचं काही असेल तर त्यांना देऊ." मी वर्षावार लावायला बसलो. एका डायरीतून चौमूंच्या त्या आवाराची पावती खुणेसारखी बाहेर आली होती. मी ते पान उघडलं.

गाडीचा चेसिस नंबर मला पाठ आहे. विम्याच्या आणि नावावर करून घेण्याच्या कागदांवर तो मी इतक्यांदा लिहिला होता. पानाच्या वर तुझ्या अक्षरात तोच होता, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेला. खाली तुझी नेहमीची तुटक नोंद. 'पांढरी. डावी बाजू पूर्ण. मधला खांब दुमडला. दुरुस्तीलायक नाही. डाव्या सीटवर बाई, अंदाजे तीस, जागीच. बकलमध्ये नकली क्लिप, आवाज बंद ठेवण्यासाठी. बेल्ट नव्हता.'

मी पंखा बंद केला. पानं हलत होती म्हणून.

त्याखाली वेगळ्या शाईत, एकोणीस फेब्रुवारी. म्हणजे पोह्यांचा सोमवार. 'चौदा महिने. शशी आज बोलला. नंबर जुळला. मी पत्रा पाहिला आणि मला दिसला नाही.' आणि मग चार तारखा, चारही रविवार. तीन मार्च, एकवीस एप्रिल, सोळा जून, आठ सप्टेंबर. प्रत्येकीपुढे दोनच शब्द. 'आज सांगतो.'

त्या रात्री घरी येऊन मी माझी वही काढली. चारही दिवशी आपण रामजीलालकडे बरोबर होतो. त्या दिवसांत मी काय बोललो होतो ते मला आठवतं, कारण प्रत्येक वेळी मी एकच बोलायचो. बिल देऊन झालं की तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, "दिनू, तू नसतास तर मी फसलो असतो." मनापासून म्हणायचो. आता कळतं, की तुझं तोंड मीच चार वेळा बंद केलं.

वहिनींकडे ते पान वाचताना डायरी त्यांच्यासमोर उघडीच होती. त्यांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हणालो, "कंपनीचं आहे, मी नेतो." तुझ्यामुळे मी तुझ्या बायकोशी पहिल्यांदा खोटं बोललो.

डायरी घेऊन खाली गाडीशी आलो. नोंदीतला क्लिप हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्याआधी आठवडाभर गाडी मुक्ताकडे होती. झालान्याला तिची उमेदवारी सुरू झाली आहे आणि तिची मैत्रीण नेहा रोज तिच्याबरोबर जाते. मी डावं दार उघडलं. बकलमध्ये एक धातूची क्लिप खोचलेली होती. बेल्ट नाही, नुसती क्लिप.

संध्याकाळी मुक्ताला विचारलं.

"ती? बाबा, तो आवाज खूपच इरिटेट करतो. नेहाला बेल्ट टोचतो. मतलब, क्लिप लावली की बंद होतो ना."

"कुठून आणलीस?"

"आणली नाही. सीटखाली होती. तिथं ती पट्टी असते ना, सीट सरकते ती, त्यात अडकली होती. जंग लागलेली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, काय झालं? तुमचा चेहरा असा का?"

अशा क्लिपा बाजारात कुठेही मिळतात. तीच असेल असं मी म्हणत नाही. पण मी तिला तुझ्या डायरीतलं पान वाचायला दिलं. ती मराठी हिंदीसारखी वाचते, एकेक शब्द तोंडानं म्हणत. 'जागीच'शी आली आणि थांबली. "जागीच मतलब?" मी सांगितलं. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. म्हणाली, "काका मला कधीच बेल्टशिवाय निघू द्यायचे नाहीत. स्वतःचा पण आधी लावायचे. मला वाटायचं किती घाबरतात."

दुसऱ्या दिवशी मी डायरी घेऊन रामजीलालकडे गेलो. त्यानं दोन दारांमधल्या खांबाचं रबर ओढून दाखवलं. आत वेल्डिंगची जाड रेघ होती, वर सफाईनं रंग मारलेला. मग डाव्या सीटसमोरचं डॅशबोर्डाचं झाकण उचकटलं. आत काहीच नव्हतं. एअरबॅगच्या जागी पोकळी, आणि एअरबॅग नसल्याचा दिवा लागू नये म्हणून जोडलेला एक छोटा तुकडा.

"बड़े साहब को मालूम था," तो म्हणाला. तुला तो बडे साहब म्हणायचा, मला नुसतं साहब. "मार्च में ही खुलवा के देख लिया था. बोले, साहब को मैं बताऊँगा, तू चुप रहना. सितंबर में नया एअरबैग ऑर्डर करवाया. बत्तीस हज़ार का है. पंद्रह हज़ार एडवांस दे गए."

"मार्चपासून?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"हाँ जी. तभी से तो वहाँ किसी को बैठने नहीं देते थे."

दिनू, आठ महिने तू त्या पोकळीसमोर बसलास. मुक्ता नवशिकी असताना, तिचा पाय ब्रेकवरून घसरत असताना, तू तिथे बसून तिला म्हणायचास, "घाई नको बाळा, मी हाये ना." मी मागे बसून तुझ्यावर चिडत होतो. तुझ्या जागी मी काय केलं असतं याचा मी रोज विचार करतो. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तिथे बसलो असतो का, ते मला सांगता येत नाही. तू भित्रा होतास की माझ्यापेक्षा धीट, यावर माझं मत एका दिवसात तीनदा बदलतं. रागही येतो. एक वाक्य बोलायचं होतं, दिनू. पहिली दोन मिनिटं मी आरडाओरडा केला असता, मग हिशेब मांडला असता. तुला ते माहीत होतं.

मी रामजीलालला विचारलं, "एअरबॅग बसवून, सगळं करून, तू तुझ्या मुलीला यात बसवशील?"

त्यानं हात पुसले. "मैं मिस्त्री हूँ साहब, मुझे तो काम का पैसा मिलेगा. पर आप पूछ रहे हो तो, नहीं."

चौमूंच्या आवारवाल्याला फोन केला. त्याला खांबाचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे साहब, ले आओ, दो लाख नब्बे दे दूँगा, आगे की आगे देखेंगे." दोन लाख नव्वद. तेवढ्यात माझं निम्म्याहून जास्त नुकसान भरून निघत होतं. मी फोन ठेवला, रात्रीचं जेवण झालं. मग सुनीताला आकडा सांगितला. ती म्हणाली, "आणि पुढे ज्याची मुलगी बसेल, त्याला कोण सांगणार? दिनूभाऊजी तर नाहीत आता."

गाडी मोडीत दिली. बेचाळीस हजार मिळाले. वजा जाता मला तीन लाख त्रेपन्न हजार दोनशेला पडली. ती क्लिप मी आधी दगडानं चेचून वाकवली. भंगारवाल्याच्या माणसानं बॅटरीची तार सोडली तेव्हाही टिंग टिंग चालू होतं आणि तार सुटल्यावर, मी मोजलं, चार वेळा वाजलं. तो म्हणाला, करंट उरलेला असतो. असेल. मी दार लावण्याआधी आत वाकून त्या बाईला, तिचं नाव मला ठाऊक नाही, उतरा म्हणालो. तुला हसू येईल. येऊ दे.

रामजीलालनं एअरबॅगची ऑर्डर रद्द करून घेतली आणि आगाऊ दिलेले पंधरा हजार माझ्या हातात ठेवले. ते घेऊन काल वहिनींकडे गेलो. देताना काय सांगायचं याचा वाटेत खूप विचार केला. जुनी उसनवारी आहे म्हणालो असतो तर त्यांनी विचारलंही नसतं. तुझं नाव तसंच लखलखीत राहिलं असतं. पण मग जे सांगायला तुला चार रविवार पुरले नाहीत, ते कोणीच कधी सांगितलं नसतं. मी डायरी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. पोह्यांपासून.

वहिनींनी पान दोनदा वाचलं. 'मला दिसला नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे चूक झाली होती त्यांच्या हातून," त्या म्हणाल्या. "तरीच रात्र रात्र झोपायचे नाहीत. मी समजत होते, छातीचं दुखणं."

"आमच्या हातून, वहिनी," मी म्हणालो. "निम्मी माझी."

त्यांनी डायरी मिटली. मग पदराला डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. पंधरा हजार रुपये, पाचशेच्या तीस नोटा, मंदावहिनींना दिले.